रबर डॅम्परचं पेटंट: एफईआर येण्याआधी काय करायचं, आल्यावर काय करायचं

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतले रबर मोल्डिंगवाले आणि बुटीबोरीचे मशिनरीवाले माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा हातात एकच कागद असतो, एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल. "भाऊ, याचं उत्तर लिहून द्या ना." मी मूळ अर्ज उघडतो आणि दहा मिनिटांत कळतं की उत्तरात जे सांगायला पायजे ते अर्जात लिहिलेलंच नाही. अर्ज भरल्यावर त्यात नवीन तांत्रिक माहिती घालता येत नाही. म्हणून हा लेख एफईआरपासून सुरू न करता त्याच्या बराच आधीपासून सुरू करून राह्यलो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. कोळशाच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनखाली (हलत्या चाळणीखाली) बसणारा माउंट, म्हणजे कंपन अडवणारा आधार, वर-खाली दोन एमएसच्या (साध्या पोलादाच्या) प्लेटा, मधे नॅचरल रबरचा गोल ठोकळा, आणि ठोकळ्याच्या कमरेला चारी बाजूंनी फिरणारी एक खाच. खाच बाहेरच्या तोंडाशी रुंद, आत अरुंद. वजन आलं की खाचेच्या भिंती आतून बाहेर हळूहळू मिटत जातात, म्हणून माउंट दणका न देता कडक होत जातो.

## १. आधी मोजमाप, मग वकील

हा टप्पा सगळे गाळतात. "आमच्या माउंटने कंपन खूप कमी होतं" हे वाक्य तपासणीत शून्य किमतीचं आहे. किती, कशाच्या तुलनेत, कोणत्या वारंवारतेला, किती वजनाखाली, हे लागतं.

थोडं गणित लिहूनच टाकतो. १५०० आरपीएमचा जनरेटर म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, २५ हर्ट्झ. माउंट कंपन अडवायला लागतो तो चालू वारंवारता ही नैसर्गिक वारंवारतेच्या (धक्का देऊन सोडलं की मशीन माउंटवर आपोआप ज्या वारंवारतेने हलते तिच्या) १.४१ पटीच्या वर गेल्यावरच. म्हणजे इथे नैसर्गिक वारंवारता साधारण १७.७ हर्ट्झच्या खाली पायजे, आणि खरं काम व्हायचं तर बरीच खाली. ९०० आरपीएमचं स्क्रीन असेल तर १५ हर्ट्झ, तिथे मर्यादा १०.६ वर येते.

आता लोक कुठे फसतात ते पाहा. अर्जात लिहितात की डॅम्पिंग (कंपनाची ऊर्जा रबरात जिरवणं) वाढवल्यामुळे सगळ्याच वेगांना कंपन कमी झालं. असं होत नाही. डॅम्पिंग वाढवलं की मशीन चालू-बंद होताना रेझोनन्समधून (चालू आणि नैसर्गिक वारंवारता जुळते तिथून) जाते तेव्हाचा झटका कमी होतो हे खरं, पण १.४१ च्या वर गेल्यावर जास्त डॅम्पिंगने उलट जास्त कंपन फाउंडेशनला पोचतं. पेटंट ऑफिसचे एक्झामिनर मेकॅनिकलवाले असतात, त्यांना हे कॉलेजात शिकवलेलं असतं. एकदा असं वाक्य सापडलं की बाकीच्या दाव्यांकडेही ते तिरक्या नजरेनेच बघणार.

वहीत काय काय पायजे: रबरची शोर ए हार्डनेस, वजन आणि दबणं याचा पूर्ण ग्राफ, डायनॅमिक स्टिफनेस (हलत्या वजनाखालचा कडकपणा), लॉस फॅक्टर (डॅम्पिंगचं माप), कॉम्प्रेशन सेट (दाबून सोडल्यावर किती दबलेलंच राहतं), आणि चाचणीच्या वेळचं तापमान. तापमान विसरू नका, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधे तर विचारूच नका, जानेवारीत घेतलेलं रीडिंग आणि मेमधलं रीडिंग शेजारी ठेवून तुलना केली तर ती तुलना तुमच्याच अंगावर येते. रबर टेस्टिंगसाठी आयएस ३४०० मालिकेतल्या पद्धती आहेत, त्याच वापरा, म्हणजे "कसं मोजलं" हा प्रश्न एका ओळीत मिटतो.

सगळ्यात महत्त्वाचं, तुलनेचे नमुने बनवा. तोच कंपाउंड (रबरचं मिश्रण), तीच उंची, तोच व्यास, बदल फक्त खाचेत. एक सरळ भिंतीची खाच, आणि मग उतार ५, १०, १५, २५ अंश. समजा १० आणि १५ ला चांगला निकाल आला आणि ५ ला, २५ ला बिघडला, तर तो बिघडलेला निकाल फेकू नका. तुमची रेंज मनाने धरलेली नाही याचा पुरावा तोच आहे. माझ्या ओळखीच्या एका पोराने बिघडलेले नमुने भंगारात घातले आणि नंतर हिअरिंगला (पेटंट ऑफिसच्या सुनावणीला) डोकं धरून बसला.

चेक: वहीतल्या प्रत्येक आकड्यासमोर तारीख, बॅच नंबर आणि तापमान आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: हार्डनेस सारखी म्हणून डॅम्पिंग सारखं असं धरू नका. शोर ए ५५ चे दोन कंपाउंड, कार्बन ब्लॅकचं प्रमाण वेगळं, लॉस फॅक्टर वेगळा.

## २. जुन्या पेटंटांचा शोध स्वतः घ्या, एकदा तरी

पेटंट एजंटचा सर्च रिपोर्ट चालतो, पण तुमच्या डोळ्याला जे दिसेल ते त्याला दिसणार नाही. फुकटात बघायला आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास आहे, एस्पासनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स आहेत.

अडचण शब्दांची. तुम्ही "रबर डॅम्पर" टाकता, आणि तीच वस्तू कोणी माउंट म्हणतो, कोणी आयसोलेटर, बुश, बफर, इलास्टिक बेअरिंग, आणि जपानी कंपन्यांच्या अर्जात ते "अँटी-व्हायब्रेशन डिव्हाइस" किंवा "व्हायब्रेशन-प्रूफ रबर" असतं. शब्दांच्या मागे लागलात तर अर्धं सुटतं. म्हणून वर्गीकरणाने शोधा. रबर स्प्रिंग एफ१६एफ १/३६ मधे, आतली-बाहेरची कडक नळी आणि मधे रबर अशी बुश एफ१६एफ १/३८ मधे, रबर स्प्रिंगने यंत्रणेचं कंपन दाबणं एफ१६एफ १५/०८ मधे, द्रव भरलेले माउंट एफ१६एफ १३ मधे, आणि गाडीच्या इंजिनाचे माउंट असतील तर बी६०के ५/१२ पण बघा. कंपाउंडच नवीन असेल तर सी०८एल.

वाचताना आधी चित्रं बघा. आकाराची वस्तू आहे, चित्रात पाच सेकंदात कळतं. जवळचे तीन-चार कागद बाजूला काढा आणि एका कोऱ्या पानावर आडवं लिहा: खाच आहे का, भिंत सरळ की उतरती, खाच वजनाखाली मिटते का, आणि *कशासाठी* केली. हे शेवटचं फार कामाचं आहे. जुन्या पेटंटमधे उतरती खाच आहे पण ती मोल्डमधून माल सहज निघावा म्हणून दिलेली आहे, स्टिफनेसचा उल्लेखच नाही, असं सापडू शकतं. हे तुम्हाला आज माहीत असेल तर आजच अर्जात फरक लिहाल. एफईआरमधे पहिल्यांदा बघाल तर उशीर झाला.

चेक: "आमच्यासारखं काहीच सापडलं नाही" असं वाटत असेल तर शोध नीट झालेला नाही. रबर माउंटमधे जवळचं काहीतरी सापडतंच.

## ३. तोंड बंद

अर्जाच्या तारखेआधी गिऱ्हाइकाला नमुना दिला, व्हॉट्सॲपवर ब्रोशर फिरवलं, प्रदर्शनात स्टॉल लावला, की तुमचाच माल तुमच्या विरुद्ध पुरावा. प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सूट कायद्याच्या कलम ३१ मधे आहे पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आपल्या मैदानावरच्या कुठल्याही मेळ्याला नाही.

चाचणी बाहेर करायचीच असेल, खाणीवर स्क्रीनखाली बसवूनच बघायचं असेल, तर आधी गोपनीयतेचा करार सही करून घ्या. आणि घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. त्या तारखेपासून १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णन, द्यायचं.

सावधान: प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांची चिठ्ठी असं समजून लोक "रबरच्या ठोकळ्याला खाच" एवढंच लिहितात. मग उताराला जुनी तारीख मिळत नाही, कारण उतार त्यात नव्हताच. चित्र आणि कोनाची रेंज प्रोव्हिजनलमधेच घाला.

## ४. आधी क्लेम, मग वर्णन

क्रम उलटा करू नका. क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारं वाक्य, आणि पहिला क्लेम लिहिल्याशिवाय वर्णनात काय लागणार ते कळत नाही. कागदपत्रं इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतात, मराठीत नाही, पण पहिला क्लेम मी आधी मराठीत लिहायला लावतो. मराठीत जमला नाही तर समजायचं की शोध काय आहे तेच अजून ठरलेलं नाही.

चुकीचा क्लेम असा असतो: "रबरचा माउंट, जो कंपन प्रभावीपणे कमी करतो." हा निकाल झाला, वस्तू कुठाय?

बरा क्लेम असा: "वरची प्लेट, खालची प्लेट आणि दोघींना चिकटवलेला रबरचा ठोकळा असलेला माउंट, ठोकळ्याच्या परिघावर एक सलग खाच, ज्याचं वैशिष्ट्य असं की खाचेच्या दोन्ही भिंती तळापासून तोंडाकडे एकमेकींपासून ८ ते १८ अंशाने दूर जातात, खाचेचा तळ गोलाईचा आहे, आणि वजन वाढेल तसा भिंतींचा एकमेकींना होणारा स्पर्श तळाकडून तोंडाकडे सरकतो."

मग त्याच्याखाली पायऱ्या लावा. दुसऱ्या क्लेममधे कोन १० ते १५, तिसऱ्यात खाचेची खोली ठोकळ्याच्या व्यासाच्या किती प्रमाणात, चौथ्यात तळाची गोलाई, पाचव्यात हार्डनेस. या पायऱ्या शोभेच्या नाहीत. एफईआरमधे पहिला क्लेम पडला की तुम्ही या पायऱ्यांवर एक-एक खाली उतरता. पायरीच बांधलेली नसेल तर सरळ खड्ड्यात.

वर्णनात प्रत्येक पायरीचं *काहून* लिहा. उतार काहून? सरळ भिंत असली तर ती जवळपास एकदमच मिटते, ग्राफला कोपरा येतो, मशीनला दणका बसतो. उतार असला की टेकणारं क्षेत्रफळ हळूहळू वाढतं आणि ग्राफ वळण घेत चढतो. तळाला गोलाई काहून? धारदार कोपऱ्यात ताण साचतो आणि तिथूनच चीर जाते. हे मोल्डिंगवाल्याला इतकं माहीत असतं की लिहावंसं वाटत नाही. लिहा. रबर दाबलं की ते आकसत नाही, बाजूला फुगतं, आणि फुगायला मोकळी जागा किती यावर त्याचा कडकपणा ठरतो, हेही लिहा. टप्पा १ मधल्या तुलनेचा तक्ता पूर्ण घाला, बिघडलेल्या नमुन्यांसकट.

"साधारण", "योग्य तेवढा", "मऊ" असले शब्द क्लेममधून काढा, कलम १०(५) खाली अस्पष्टतेचा आक्षेप हमखास येतो. आणि आकार, नवीन कंपाउंड, बसवायची पद्धत असे तीन वेगळे शोध एकाच अर्जात कोंबू नका, तिघांना जोडणारी एकच कल्पना नसेल तर एकतेचा आक्षेप येतो आणि मग अर्ज फोडावा लागतो.

चेक: शीर्षक १५ शब्दांच्या आत, गोषवारा १५० शब्दांच्या आत, क्लेममधे चित्रातले क्रमांक कंसात. बारीकसारीक वाटतं पण यावरही आक्षेप काढतात.

## ५. अर्ज, फी, तारखा

सिव्हिल लाइन्समधे राजीव गांधी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंटलेक्चुअल प्रॉपर्टी मॅनेजमेंट आहे म्हणून बरेच जण फाइल घेऊन तिकडे जातात. ती ट्रेनिंगची संस्था आहे, अर्ज तिथे घेत नाहीत. नागपूरकरांचं ऑफिस मुंबईचं, आणि भरायचं ऑनलाइन. कागदावर भरलं तर फी सुमारे १० टक्के जास्त.

फॉर्म १ (अर्ज), फॉर्म २ (स्पेसिफिकेशन), फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), फॉर्म ५ (शोध कोणाचा त्याची घोषणा), एजंट असेल तर फॉर्म २६, उद्यम सर्टिफिकेट दाखवून छोट्या उद्योगाची सवलत घ्यायची तर फॉर्म २८. व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगाला अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. ३० पानांच्या वर आणि १० क्लेमच्या वर जादा पैसे. अर्ज कंपनीच्या नावाने आणि शोध पार्टनरचा असेल तर हक्काचा पुरावा ६ महिन्यांत द्या, भागीदारीत भांडण झाल्यावर सही मिळत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक मरतात ते. अर्ज भरला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही! तिच्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरायचा, फी छोट्यांना ४,००० आणि मोठ्यांना २०,०००. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत ३१ महिने, आधीच्यांना ४८ होती. महिने मोजायचे ते सगळ्यात पहिल्या तारखेपासून, म्हणजे प्रोव्हिजनल टाकला असेल तर प्रोव्हिजनलच्या. राहिलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

घाई असेल तर फॉर्म १८ए, छोट्यांना ८,०००. स्टार्टअप, छोटा उद्योग, किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत किमान एक महिला असेल तर मिळतं. ताई पार्टनर असतील तर त्यांचं नाव अर्जदारात आहे का ते आधी बघा, पण उगाच फॉर्मपुरतं नाव घालू नका. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, लवकर पायजे तर फॉर्म ९, छोट्यांना २,५००. १८ए सोबत फॉर्म ९ लागतोच जर अर्ज प्रसिद्ध झालेला नसेल.

सावधान: ईमेल आयडी तुमचा स्वतःचा द्या. २०१८ मधे माझ्या अर्जात एजंटच्या ऑफिसातल्या एका पोराचा आयडी होता, तो नोकरी सोडून गेला, एफईआर त्याच्या इनबॉक्समधे पडून राह्यला आणि मला कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं. परत भरू म्हटलं तर तोवर माझाच अर्ज प्रसिद्ध झालेला, म्हणजे माझ्यावर उलटलेला. दर महिन्याच्या एक तारखेला अर्जाचा नंबर टाकून वेबसाइटवर स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

## ६. एफईआर आला

घाबरू नका, आक्षेप नसलेला एफईआर मी तरी पाहिलेला नाही. आधी तारीख बघा. उत्तराची मुदत एफईआर निघाल्यापासून ६ महिने, तुम्ही वाचल्यापासून नाही. आणखी ३ महिने मिळतात पण फॉर्म ४ हे ६ महिने संपायच्या आत भरावा लागतो. दुसरी तारीख तीन महिन्यांची: परदेशातल्या अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरनंतर ३ महिन्यांत पुन्हा द्यायचा, हा लोक उत्तरासोबत देऊ म्हणून ठेवतात आणि उशीर करतात.

मग तीन पेनं घ्या. लालने नावीन्य आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपचे (जाणकाराला हे सहज सुचलं असतं असे) आक्षेप, म्हणजे डी१, डी२ वगैरे नेमलेले जुने कागद. निळ्याने कलम ३ चे, म्हणजे कशाला पेटंट मिळत नाही त्याचे, रबर माउंटला बहुतेक ३(एफ) लागतं, माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी, आणि कंपाउंड असेल तर ३(ई), नुसतं मिश्रण. हिरव्याने कागदोपत्री. हिरवं पहिल्या आठवड्यात संपवा.

## ७. उत्तर लिहिणं

डी१ आणि डी२ पूर्ण वाचा, एफईआरमधे दिलेला परिच्छेद नंबर उघडून तिथे खरंच काय लिहिलंय ते बघा. आपल्या उदाहरणात डी१ मधे सरळ भिंतीची खाच आहे आणि डी२ मधे उतरती, एक्झामिनर म्हणतो दोन्ही जोडले की तुमचा माउंट झाला. इथे "आमचा शोध वेगळा आहे आणि फार उपयुक्त आहे" असं लिहिणारे हरतात.

चार गोष्टी याच क्रमाने लिहा. एक, डी१ मधे नेमकं काय नाही. दोन, त्या फरकाने काय परिणाम होतो, अर्जातल्या तक्त्याचा पान नंबर देऊन. तीन, डी१ वाचणारा जाणकार माणूस दणक्याची अडचण सोडवायला डी२ कडे का जाणार नाही, कारण डी२ मधला उतार माल मोल्डमधून सुटण्यासाठी आहे आणि त्यात खाच वजनाखाली मिटतच नाही. चार, जोडलं तरी काय मिळेल, आणि ते आपल्या क्लेममधे न बसणारं कसं.

३(एफ) चं उत्तरही यातूनच निघतं: प्लेट, रबर, खाच हे सुटे-सुटे आपापलं काम करत नाहीत, खाचेचा स्पर्श सरकल्यामुळे पूर्ण माउंटचा ग्राफ बदलतो.

क्लेम आवळायचा असेल तर खालच्या पायरीतला कोन वर आणा. कलम ५९ प्रमाणे बदल मूळ अर्जात दिसणारा पायजे आणि आधीच्या क्लेमच्या हद्दीतला पायजे. नवीन चाचणी करून तुलना जोडता येते, पण अर्जात आधीच सांगितलेल्या परिणामाला आधार म्हणून. अर्जात फक्त दणक्याचं लिहिलं होतं आणि आता उत्तरात आयुष्य दुप्पट झाल्याचं सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. बदललेल्या पानांची खुणा केलेली एक प्रत आणि स्वच्छ एक प्रत, दोन्ही द्या.

चेक: उत्तरातलं प्रत्येक तांत्रिक वाक्य मूळ अर्जातल्या कोणत्या ओळीवर उभं आहे ते समासात पेन्सिलने लिहा. ओळ सापडत नसेल तर वाक्य काढा.

सावधान: शेवटी एक ओळ टाका की विरुद्ध निर्णय घेण्याआधी सुनावणी द्यावी.

## ८. हिअरिंग

नोटीस येते, हिअरिंग व्हिडिओवर होतं, मुंबईला जायची गरज नाही. तारीख जमत नसेल तर किमान ३ दिवस आधी कारणासकट अर्ज करा, जास्तीत जास्त दोनदा पुढे ढकलता येतं, दरवेळी ३० दिवसांच्या आत.

नोटिशीत जे आक्षेप उरलेत तेवढ्यावरच बोला. मिटलेला आक्षेप उकरून काढणारे मी पाहिलेत, कंट्रोलरसाहेब (निर्णय देणारे अधिकारी) मग तोही परत वाचायला घेतात. एजंट बोलणार असेल तरी मोल्डिंग कळणारा माणूस बाजूला बसवा. एकदा आम्ही माउंट मधोमध कापून दोन अर्धुकं कॅमेऱ्यासमोर धरली, हाताने दाबून खाच तळाकडून मिटताना दाखवली, आणि एजंटने वीस मिनिटं जे समजावलं होतं ते तिथे अर्ध्या मिनिटात कळलं. अर्थात रेकॉर्डवर जातं ते कागदावरचंच.

चेक: लेखी म्हणणं हिअरिंगनंतर १५ दिवसांत. त्याचा मसुदा हिअरिंगच्या आधीच तयार ठेवा, आणि पर्यायी आवळलेला क्लेमही सोबत.

## ९. निकाल

अर्ज नाकारला तर आदेश शांतपणे वाचा. आदेशात उघड चूक असेल तर पुनर्विलोकनाचा अर्ज एका महिन्यात, नाहीतर ३ महिन्यांत हायकोर्टात अपील, मुंबई ऑफिसच्या आदेशावर मुंबई हायकोर्टात.

मिळालं तर मुदत २० वर्षांची, आणि ती मोजतात अर्जाच्या तारखेपासून. तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी साठलेली असते, ती नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत भरायची. मिठाई वाटायच्या आधी कॅलेंडरवर ही तारीख लिहा आणि फी कोण भरणार, तुम्ही की एजंट, ते त्याच दिवशी लेखी ठरवून टाका.